एकाच प्लेअरने सगळ्या डिस्क वाजवायलाच हव्यात का?

पत्र थोडक्यात असं. नाशिकच्या एक ताई, बँकेतून निवृत्त. आवड शास्त्रीय आणि नाट्यसंगीताची, शिवाय मराठी नाटकांच्या व्हीसीडी जमवण्याची. घरात ३४० ऑडिओ सीडी, २२ एसएसीडी (म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा जास्त बारीक तपशिलाची; भाऊ जर्मनीत असताना सुट्टीला येताना आणायचा), ५ डीव्हीडी-ऑडिओ (डीव्हीडीवर साठवलेलं वरच्या दर्जाचं संगीत), दीडएकशे डीव्हीडी, ६५ च्या आसपास व्हीसीडी आणि ९ ब्ल्यू-रे. २००६ साली घेतलेला एका जपानी कंपनीचा युनिव्हर्सल डीव्हीडी प्लेअर आजवर ब्ल्यू-रे सोडून सगळं वाजवत आला. आता सीडी चालते, पण एसएसीडी किंवा डीव्हीडी टाकली की कधी वाचतो कधी 'नो डिस्क', आणि ट्रे दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय बाहेर येत नाही. सोबत साधा स्टीरिओ ॲम्प, शोकेसवर ठेवलेले दोन बुकशेल्फ स्पीकर आणि ४३ इंची फोर-के टीव्ही. बजेट ६० हजार.

सल्ले तीन मिळालेत. भाचा म्हणतो सेकंड हँड ओप्पो यूडीपी-२०५ घे, १ लाख ३५ हजारांना मिळतोय. दुकानदार म्हणतो नवा सोनी यूबीपी-एक्स८००एम२ घ्या, ३८ हजार. ओळखीचा टेक्निशियन म्हणतो जुन्यालाच 'अपग्रेड' करून देतो, नवा पॉवर सप्लाय, नवे ऑप-ॲम्प, कपॅसिटर, क्लॉक असे आतले इलेक्ट्रॉनिक भाग, २८ हजार. आणि यजमान म्हणतात, मोबाइलवर सगळं आहे, कशाला हा पसारा. ताईंचा प्रश्न: "प्लेअर बनवणं एकेक कंपनी बंद करतेय. आत्ता चांगला नाही घेतला तर पुढे मिळणारच नाही अशी भीती वाटते. ठेव मोडून ओप्पो घेऊ का?"

ताई,

ठेव मोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे डिस्कांचा हिशेब. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने मोजून लिहिलाय ते लगेच कळतं, बहुतेक लोक नुसतं 'बरंच कलेक्शन आहे' लिहून पाठवतात. आता त्याच हिशेबाकडे जरा उलट बाजूने बघा. सगळ्या मिळून ५९० च्या आसपास डिस्क, त्यातल्या ३४० साध्या सीडी, म्हणजे निम्म्याहून जास्त. फोर-के अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे किती, तर शून्य. आणि तुम्हाला सुचवलेल्या दोन्ही प्लेअरची किंमत मुख्यतः कशासाठी आहे, तर ती अल्ट्रा एचडी डिस्क वाचण्यासाठी, जी तुमच्याकडे एकही नाही आणि पुढे घ्यायची आहे असंही तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. कुणी विचारलं का तुम्हाला, की ताई, तुम्ही रोज काय वाजवता? भाच्याने नाही, दुकानदाराने तर नाहीच.

आता तुमची भीती. ती उगाच नाहीये. ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं की आता नवे प्लेअर बनवणार नाही. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेच्या बाजारातून ब्ल्यू-रे प्लेअर काढून घेतले. २०२४ संपता संपता एलजीने हात वर केले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने ब्ल्यू-रे बनवणं बंद केलं अशी जी बातमी व्हॉट्सॲपवर फिरत होती, ती कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्कबद्दल होती, सिनेमाच्या डिस्क किंवा प्लेअरबद्दल नव्हती, पण तेवढं बारकाईने वाचतंय कोण. दुसऱ्या बाजूला सोनी आणि पॅनासॉनिकचे प्लेअर हे लिहिताना तरी बाजारात आहेत, आणि २०२३ मध्ये मॅग्नेटार नावाच्या नव्या कंपनीने यूडीपी८०० आणि यूडीपी९०० असे दोन महागडे सर्वभक्षी प्लेअर काढले. म्हणजे बाजार आटतोय हे खरं, आटला नाही अजून. आणि सीडीचं म्हणाल तर नुसत्या सीडीसाठीचे नवे प्लेअर आणि ट्रान्सपोर्ट (नुसती डिस्क वाचून डिजिटल सिग्नल बाहेर देणारे) अजूनही दरवर्षी येतात, तुमच्या निम्म्याहून जास्त डिस्क त्यातच मोडतात.

पण मला खरी गंमत वाटते ती या भीतीतून निघणाऱ्या निर्णयाची. प्लेअर बंद होतायत म्हणून घाबरून आपण घ्यायला काय निघालो, तर जो सगळ्यात आधी बंद झाला तोच, आणि तोही नव्याने विकला जायचा त्यापेक्षा चढ्या भावाने.

ओप्पोला नावं ठेवायची नाहीत मला. २०१७ चा यूडीपी-२०५ म्हणजे कौतुकाचीच वस्तू, आत ईएसएस कंपनीच्या ९०३८प्रो या दोन डॅक (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणाऱ्या) चिप, एक स्टीरिओसाठी आणि एक मल्टिचॅनलसाठी, भरभक्कम टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओसकट सगळं वाजवणारा. अमेरिकेत १२९९ डॉलरला मिळायचा आणि तेव्हा त्या पैशात त्याला तोड नव्हती. पण त्यातली डॅक चिप म्हातारी होत नाही हो, म्हातारा होतो तो लेझर आणि डिस्क फिरवणारी मोटर. सात-आठ वर्षं कुणीतरी किती तास वापरलंय ते आपल्याला माहीत नाही, आणि लेझर गेला तर कंपनीकडून नवा मिळेलच याची खात्री नाही. त्या १ लाख ३५ हजारातले बरेचसे पैसे अशा भागासाठी जाणार की जो सगळ्यात आधी मरतो. हौशी माणसाने, दुसरा प्लेअर हाताशी असताना घ्यावा. ठेव मोडून घ्यायची ही चीज नव्हे.

आता दुकानदाराचा सल्ला. सोनीचा एक्स८००एम२ प्लेअर म्हणून चांगला आहे, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाचतो. पण दुकानात तो मागून बघितला होता का? तुमचा ॲम्प साधा स्टीरिओ आहे, त्याला मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेट्स. आणि या सोनीला ॲनालॉग आउटपुटच नाही! आहे ते एचडीएमआय आणि एक कोॲक्सिअल डिजिटल. म्हणजे घरी आणून लावायला गेलात की पहिल्याच संध्याकाळी कळणार, की टीव्हीच्या स्पीकरमधून आवाज येतो, ॲम्पमधून नाही. मग वेगळा डॅक आणा. तो आणला तरी कोॲक्सिअलमधून सीडी वाजेल, पण एसएसीडीचा मूळ डीएसडी थर (तिच्या खास एक-बिट पद्धतीचा) त्या वायरीने बाहेर सोडायला पहिल्यापासूनच बंदी आहे, कॉपी होऊ नये म्हणून. १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने फॉरमॅट काढला तेव्हाच तो कुलूपबंद करून ठेवला, पुढे एचडीएमआयच्या १.२ आवृत्तीत, म्हणजे २००५ मध्ये, त्याला अधिकृत वाट मिळाली. तेव्हा ज्याच्याकडे एचडीएमआयवाला एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प) आहे त्याला सोनी एकदम योग्य, तुम्हाला मात्र त्या २२ डिस्कसाठी सोनी घेऊन त्या २२ डिस्कच नीट ऐकता येणार नाहीत.

कुणी पॅनासॉनिकचा यूबी८२० सुचवला तर तिथे बरोब्बर उलटं आहे. मागे ॲनालॉग सॉकेट्स आहेत, पण एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ तो वाचतच नाही. युनिव्हर्सल या शब्दावर जाऊ नका, मॅन्युअल उघडा आणि 'प्लेएबल डिस्क' चा तक्ता बघा, आणि नंतर मागच्या बाजूचा फोटो बघा. दहा मिनिटांचं काम आहे पण तेच कुणी करत नाही.

राहिला टेक्निशियन. त्याची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुमचा प्लेअर बिघडलाय एका जागी आणि तो दुरुस्त करायला निघालाय भलत्याच जागी. तुम्ही लक्षण अगदी नीट लिहिलंय: सीडी चालते, एसएसीडी आणि डीव्हीडी अडखळतात. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडी आणि एसएसीडीच्या दाट थराला ६५० चा. (ब्ल्यू-रेला ४०५, म्हणून तर तो 'ब्ल्यू'.) युनिव्हर्सल प्लेअरच्या पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या लेझर-लेन्सच्या भागात, ७८० आणि ६५० असे दोन्ही डायोड एकाच लेन्सखाली बसवलेले असतात. तुमचा ६५० वाला दमलाय, किंवा लेन्सवर इतकी धूळ बसलीय की दाट थर त्याला दिसेनासा झालाय. आता यात ऑप-ॲम्प बदलून काय होणार? ऑप-ॲम्प बिचारा आवाज बाहेर पाठवायच्या शेवटच्या टप्प्यावर बसलेला असतो, डिस्क वाचलीच गेली नाही तर तो काय पाठवणार. क्लॉकचंही तेच. आणि ट्रे अडकतो तो बहुतेक रबरी बेल्टमुळे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीस वर्षांत तो सैल पडतोच, बेल्ट म्हणजे चहा-बिस्किटाच्या पैशातली वस्तू.

म्हणून करायचं काय, तर आधी लेन्स साफ. वरचं झाकण काढून, प्लग काढून ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्केवालं) इअरबडला अगदी किंचित लावून लेन्सवरून हलक्या हाताने फिरवायचं, लेन्स स्प्रिंगसारख्या तारांवर तरंगत असते त्यामुळे दाबायचं अजिबात नाही. हात थरथरत असेल तर टेक्निशियनलाच सांगा. बाजारात मिळणाऱ्या ब्रशवाल्या क्लीनिंग डिस्क मला आवडत नाहीत, वीस वर्षं जुन्या लेन्सवर तर नकोच. साफ करून फरक पडला तर फुकटात सुटलात. नाही पडला तर पिकअप बदलायचा. जुन्या डीव्हीडी प्लेअरचे बरेच पिकअप ठरावीक दोन-चार प्रकारचेच असतात, नंबर त्याच्या अंगावर किंवा चपट्या रिबन केबलजवळ छापलेला असतो. तो नंबर फोटो काढून मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, ऑनलाइनही शोधा. पिकअप, बेल्ट, मजुरी आणि पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर (फुगले असतील तरच, सरसकट नको) एवढं धरून मी पाच-सहा हजारांच्या वर जाऊ देणार नाही. त्याहून जास्त सांगितलं तर थांबा.

एक सांभाळा. काही कारागीर पिकअपवरचा छोटा स्क्रू, म्हणजे प्रीसेट, फिरवून लेझरचा करंट वाढवून देतात. प्लेअर त्या दिवशी झकास चालतो, तुम्ही खुशीत पैसे देता, आणि काही महिन्यांत डायोड कायमचा जातो. तसं करायचं नाही हे आधीच बजावा.

बरं, त्या २२ एसएसीडींचं एक काम घरबसल्या करून टाका. एकेक काढा आणि कुठल्याही साध्या सीडी प्लेअरमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घाला. वाजली तर ती हायब्रिड, म्हणजे तिच्यात एसएसीडीच्या थरासोबत सीडीचाही थर आहे आणि ती कुठेही वाजेल. नाही वाजली तर ती एकाच थराची, तिला एसएसीडी प्लेअरच लागणार. सुरुवातीच्या वर्षांत सोनीने बऱ्याच एकथरी काढल्या होत्या, नंतरच्या बहुतेक हायब्रिड. तुमच्या २२ मधल्या समजा चारच एकथरी निघाल्या, तर तुमचा १ लाख ३५ हजारांचा प्रश्न चार डिस्कांवर आला की नाही? डीव्हीडी-ऑडिओचंही तसंच, त्या पाचातल्या बहुतेकांवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठीचाही भाग असतो, डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये, म्हणजे अगदीच मुक्या होत नाहीत त्या.

फरक ऐकू येतो का हाही प्रश्न आहेच. सीडी म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, एसएसीडी म्हणजे एक बिट पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा. कागदावर दरी मोठी दिसते. प्रत्यक्षात चांगल्या एसएसीडीचा आवाज मोहात पाडतो तो बरेचदा तिचं मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) कुणीतरी मन लावून केलेलं असतं म्हणून. आणि ताई, तुमचा जीव जिथे जास्त, त्या नाट्यसंगीताचं बघा. बालगंधर्वांची गाणी मुळात ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आली, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, मोनो. त्यावरून केलेली सीडी साध्या प्लेअरवर लावा नाहीतर ओप्पोवर, जे त्या तबकडीत नव्हतं ते ९०३८प्रो कुठून आणणार? त्यासाठी पैसे ओतायचेच तर ते स्पीकरकडे जाऊ द्या. तुमचे स्पीकर शोकेसवर आहेत असं लिहिलंत, काचेचं शोकेस असेल तर खालच्या सुरांना ते स्वतःच गात असणार. ते खाली काढून कानाच्या उंचीच्या जड स्टँडवर ठेवा, भिंतीपासून हात-दीड हात पुढे, तोंड तुमच्या खुर्चीकडे थोडं वळवून. स्टँड सुताराकडूनही होतात, आत वाळू भरून. आठेक हजार धरा. इतका फरक पडेल की तुम्हाला वाटेल प्लेअरच बदलला.

आता सगळ्यात मोठं काम, आणि माझ्या मते तुमचं खरं अपग्रेड हेच. ३४० सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दोन-अडीच हजारांचा यूएसबी डीव्हीडी रायटर, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि फाइल एफएलएसी म्हणजे फ्लॅकमध्ये. फ्लॅकमध्ये काही कापलं जात नाही, सीडीत जे आहे ते जसंच्या तसं. एका सीडीला साधारण ३०० एमबी धरलं तर सगळं मिळून शंभर-सव्वाशे जीबी, म्हणजे छोट्याशा डिस्कवर मावणारं. हे सॉफ्टवेअर तुमची कॉपी जगभरातल्या इतर लोकांच्या त्याच सीडीच्या कॉपीशी ताडूनही बघतं, चूक असेल तर सांगतं. रोज दोन-तीन सीडी, दुपारचा चहा होईतो, घाई नाही. फक्त एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नका. दोन घ्या, दुसरी कपाटात, शक्यतो भाच्याच्या घरी. त्याला काहीतरी जबाबदारी द्यायलाच हवी, एवढा महाग सल्ला दिलाय त्याने.

शास्त्रीयवाल्यांसाठी एक सूचना, फाइलला नाव देताना आपोआप येणारी माहिती तशीच ठेवू नका. ती परदेशी पद्धतीने येते, 'ट्रॅक १, ट्रॅक २', गायकाच्या जागी कंपनीचं नाव, राग कुठेच नाही. राग, ताल, विलंबित की द्रुत, तबल्यावर कोण, हे पहिल्या सीडीपासूनच एका पद्धतीने लिहा. तीनशे सीडी झाल्यावर पुन्हा बसून लिहायचं ठरवलंत तर ते कधीच होत नाही.

मग वाजवायचं कसं? जुना लॅपटॉप आणि एक यूएसबी डॅक, तो ॲम्पला आरसीएने जोडायचा. फीओ, टॉपिंग, एसएमएसएल यांचे दहा-बारा हजारांतले डॅक साध्या सीडीच्या फाइलींसाठी पुरून उरतात. डॅक घेताना त्याला कोॲक्सिअल इनपुट आहे ना एवढं बघा, म्हणजे उद्या कुठलाही डिस्क प्लेअर त्याला जोडता येईल, आणि उद्या डॅक बदलावासा वाटला तर प्लेअरला हात लावायला नको. यालाच मी अपग्रेड म्हणतो, जो भाग लवकर जुना होतो तो आणि जो होत नाही तो, दोघांना एका डब्यात कोंडायचं नाही.

व्हीसीडींबद्दल मात्र घाई करा. तुमच्या सगळ्या संग्रहात मला काळजी वाटते ती यांचीच, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल पत्रात एकच ओळ लिहिलीय. सिनेमे पुन्हा कुठेतरी मिळतात, नाटकांचं तसं नसतं, एखाद्या संचातलं नाटक व्हीसीडीवर आलं आणि नंतर कुठेच नाही असं बरंच आहे. शिवाय नवे फोर-के प्लेअर घेताना लोक गृहीत धरतात की एवढी महाग वस्तू व्हीसीडी वाजवेलच. गृहीत धरू नका, तोच प्लेएबल डिस्कचा तक्ता इथेही बघा. सुदैवाने व्हीसीडीला कुलूप नसतं. कॉम्प्युटरमध्ये घाला, 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर उघडा, आत 'डॅट' एक्स्टेन्शनची मोठी फाइल दिसेल, ती हार्ड डिस्कवर कॉपी करा, व्हीएलसी प्लेअरवर थेट चालते. ओरखडे पडलेली डिस्क मध्येच अडली तर दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवर करून बघा, ड्राइव्हगणिक फरक पडतो. चित्र व्हीसीडीचं जेवढं तेवढंच राहणार, ३५२ बाय २८८, ४३ इंचावर ते धूसरच दिसतं आणि कुठलाही महागडा प्लेअर त्यात नवा चेहरा काढून देणार नाही. नाटकात तसंही अर्धं काम कानाचं.

९ ब्ल्यू-रे आणि न वाचणाऱ्या एसएसीडी यांच्यासाठी एक आडवाट सांगतो. सोनीच्या साध्या, जुन्या ब्ल्यू-रे प्लेअरपैकी काहींमध्ये एसएसीडी वाजायची, आणि हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २०१० चा बीडीपी-एस३७० त्यातलाच, मागे लाल-पांढरी ॲनालॉग सॉकेट्सही आहेत. असा एखादा चांगल्या अवस्थेतला चार-पाच हजारांत मिळाला तर ब्ल्यू-रे टीव्हीवर, एसएसीडी तुमच्या ॲम्पवर. डीव्हीडी-ऑडिओ तो वाचत नाही, पण त्या पाचांसाठी तुमचा जुना आहेच. मॉडेल नंबर बदलला की एसएसीडी असेल-नसेल, म्हणून त्या नंबरचं मॅन्युअल बघूनच घ्या, नुसतं सोनी नाव बघून नको.

हिशेब करू. दुरुस्ती ६ हजार, रायटर अडीच, दोन हार्ड डिस्क दहा-अकरा, डॅक दहा ते बारा, स्टँड आठ, जुना ब्ल्यू-रे पाच. ४५ हजारांच्या आत. उरलेल्या पंधराएक हजारांचं लगेच काही घेऊ नका.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हेही सांगायला हवं. आता काही ॲपवर सीडीच्या दर्जाचं, न कापलेलं गाणं मिळतं. तेव्हा तुमच्या ३४० मधल्या कुठल्या सीडी तिथे आहेत ते एकदा बघून घ्या आणि ज्या नाहीत त्या आधी उतरवा. त्यांनाच बसवा या कामाला. यादी करायला माणूस मिळेल आणि पसाऱ्यात त्यांचाही हात राहील.

ज्यांच्याकडे ताईंसारखं नाही, म्हणजे घरात एव्ही रिसीव्हर आहे, प्रोजेक्टर आहे, आणि फोर-के डिस्क खरोखर विकत घेताय, त्यांचं उत्तर वेगळं. स्ट्रीमिंगवर ॲटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंनी येणारा आवाज) येतो तो दाबलेल्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, डिस्कवर न कापलेल्या ट्रूएचडीमध्ये, आणि तो फरक मोठ्या सेटअपवर ऐकू येतो. प्रोजेक्टरवाल्यांनी पॅनासॉनिक यूबी८२० बघाच, त्यातलं एचडीआर ऑप्टिमायझर (चित्रातला उजेड-अंधार जुळवून देणारं) प्रोजेक्टरच्या कमी उजेडात जे काम करतं त्याला पैसे मोजणं योग्य आहे. एचडीएमआयने रिसीव्हरला जोडणार असाल तर प्लेअरच्या आतल्या भारी डॅकसाठी एक रुपया जास्त देऊ नका, तो वापरलाच जात नाही, आवाज रिसीव्हरच्या डॅकमधून येतो. परदेशातून कुणी आणणार असेल तर दोन गोष्टी विचारा. मागच्या पट्टीवर व्होल्टेज काय लिहिलंय, अमेरिकेतले काही फक्त ११०-१२० चे असतात आणि आपल्या २३० वर लावले की धूर. आणि रिजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड), फोर-के डिस्कला रिजनची भानगड नाही, पण ब्ल्यू-रेला आहे, अमेरिका ए, भारत सी, आणि डीव्हीडीला अमेरिका १, भारत ५. तिकडचा प्लेअर आणि इकडच्या डिस्क यांचं जमेलच असं नाही.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी स्वतःच्या डिस्क घेऊन जायचं, विकणाऱ्याची डिस्क चालतेच. डिस्क, एकथरी तरी, आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे पहिली पाच मिनिटं झकास आणि शेवटच्या अर्ध्या तासात अडखळ असं होतं. म्हणून सिनेमाचा शेवट लावून बघा, सीडीचा शेवटचा ट्रॅक लावून बघा, दोन थरांच्या डीव्हीडीत मध्यावर थर बदलतो तिथे किती वेळ थांबतो ते बघा. आणि मशीन थंड असताना आणि तासभर तापल्यावर, दोन्ही वेळा.

ताई, तुम्हीही दुरुस्तीला जाताना हेच करा. एक ओरखडे असलेली सीडी, एक एकथरी एसएसीडी आणि एक लांबलचक डीव्हीडी पिशवीत घ्या, तिन्ही शेवटापर्यंत तुमच्यासमोर वाजल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बदललेला जुना पिकअप परत मागून घ्या.